आईच्या हाताखाली

"तेल तापलं का नाही हे तेलाला विचारायचं, सुहासराव. मला नाही," आई म्हणाली आणि हसली.

मी दारातच थांबले. आई हसली होती, आणि तेही मोठ्यानं. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. खरं तर त्याआधीही कधी ऐकलं होतं ते आठवावं लागलं असतं.

बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. ओट्याशी माझा नवरा उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. समोर गॅसवर कढई. शेजारी आई, हातात मोहरीची वाटी घेऊन.

"एकच दाणा टाका. हं. आता ऐका, काय म्हणतोय तो."

सुहास कढईवर वाकला. "काहीच म्हणत नाहीये. गप्प बसलाय."

"मग तुम्हीही गप्प बसा."

दोघं कढईकडे बघत उभे राहिले. मंगळागौरीच्या रात्री बायका दिव्याकडे बघतात तसे. मग बारीकसं तडतडलं आणि सुहास एकदम ओरडला, "बोलला! बोलला!"

"टाका आता सगळी. पळू नका! मागं सरकायचं नाही, झाकण घ्या हातात. जिरं. हिंग. आता हळद, आणि तिच्या पाठोपाठ लगेच बटाटे. हळदीला एकटं ठेवलं की काळी पडते ती."

बटाटे कढईत पडले. आईनं त्याचं मनगट धरलं आणि उलथनं कसं तळापासून फिरवायचं ते त्याच्याच हातानं फिरवून दाखवलं. तिच्या हातातल्या दोन पातळ सोन्याच्या बांगड्या त्याच्या घड्याळावर वाजल्या.

मी तिथंच उभी होते. खांद्याला पर्स, काखेत तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. माझं मनगट आईनं असं कधी धरलं होतं? मी शोधत राहिले. सापडलं नाही.

ही गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कराडला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. सुहास जवळच्याच एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमच्या घरात गॅस चहापुरताच पेटायचा. दोघांनाही काही येत नव्हतं. त्याला येत नव्हतं कारण तो चार बहिणींतला एकटा भाऊ. मला येत नव्हतं त्याचं कारण आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. "आमची वैजू चुलीपाशी बसायची नाही," बाबा कुणालाही सांगायचे. ते हायस्कुलात गणिताचे शिक्षक, जगताप सर म्हणून गावात मान. मी कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दिसले की आई म्हणायची, "तुझं काय आहे इथं? जा, अभ्यास कर." आणि बाहेरून बाबांचा आवाज यायचा, "शाब्बास!" दोघांनी मिळून मला शिकवायचं ठरवलं होतं, असंच मी समजत होते. मैत्रिणी कणीक मळून कॉलेजला यायच्या तेव्हा मला आईचा अभिमान वाटायचा.

लग्नानंतर आम्ही डबा लावला. डबा देणाऱ्या काकू त्या श्रावणात लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेल्या त्या परत यायचं नाव घेईनात. आईचं घर दोन गल्ल्या पलीकडं. ती म्हणाली, मी डबा पाठवते. सुहास म्हणाला, "मामी, तुम्ही रोज आमच्यासाठी राबणार आणि आम्ही ऐतं गिळणार, हे काही बरं नाही. त्यापेक्षा मला शिकवा."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला?"

"कारखाना बंद आहे. हंगाम सुरू होईपर्यंत मी दुपारीच मोकळा असतो. मला चहाशिवाय काही येत नाही, तो पण हिला आवडत नाही. पार पहिल्यापासून शिकवा."

मी हसत म्हटलं, "मग मीही येते."

"तू कशाला?" आई म्हणाली. "तुझं कॉलेज आहे, पेपर आहेत. तू तुझं बघ."

आवाज तोच होता, उंबऱ्यावरून परत पाठवणारा. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला लागलं ते शिकवणी सुरू झाल्यावर.

पहिल्या दिवशी सुहास घरी आला तो नुसतं पाणी उकळून. "पाणी?" मी विचारलं. "पाणीच. आधी तळाशी बारीक बुडबुडे धरतात, मग ते वर सुटतात, मग कडेनं नाचायला लागतात, मग सगळं पातेलं उसळतं. मामी म्हणाल्या, हे ओळखता आलं की अर्धा स्वयंपाक आला. तांदूळ कधी वैरायचे, डाळ कधी घालायची, चहात पावडर कधी, सगळं या पाण्यातच आहे." तो हे इतक्या आनंदानं सांगत होता की मला त्याची गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी भात. आईनं त्याला तांदूळ धुवायला लावले आणि पाण्याचा रंग बघायला सांगितला. मग पातेल्यात बोट बुडवून तांदळावर एक पेर पाणी. भात शिजला की शीत बोटांत दाबून बघायचं. त्यानं दाबलं, आत कणी लागली. आई म्हणाली नाही की कच्चा आहे. म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "अजून जरा." "मग ठेवा अजून जरा."

हे ऐकून मी पेपर तपासायची थांबले. मी शिक्षिका होते. मुलाला उत्तर सांगायचं नाही, ते त्याच्या तोंडून काढायचं, हे बाबांनी मला शिकवलं होतं. माझ्यातला शिक्षक बाबांकडून आलाय असं मी सगळ्यांना सांगायचे. आणि इथं माझी आई, सातवीतून शाळा सुटलेली, माझ्या नवऱ्याला असं शिकवत होती की बाबांनीही मान डोलावली असती. मग मला का नाही?

तो प्रश्न एकदा आला तो मग जाईना. सुहास रोज काहीतरी नवं घेऊन यायचा. कांदा चिरताना तो मुळाशी अखंड ठेवायचा म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. मीठ चिमटीनं घालायचं, डब्यातून ओतायचं नाही. वरण घोटताना गरम असतानाच घोटायचं. प्रत्येक वाक्याची सुरुवात "मामी म्हणतात". आणि एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "आई म्हणतात, ताकाची कढी ढवळताना हात थांबवायचा नाही."

"कुणाच्या आई?"

"आपल्या. त्याच म्हणाल्या, मामी काय म्हणताय परक्यासारखं."

मी कढीचा भुरका मारला. कढी फुटली नव्हती, चवीला छान होती. तिचा मला राग आला.

आठवड्याभरात मी सुहासवर लहानसहान गोष्टींवरून चिडायला लागले. त्याच्या शर्टाला फोडणीचा वास येतो म्हणून. तो ओटा ओला ठेवतो म्हणून. त्याच्या बोटाला वाफ लागली तर आईनं स्वतः त्यावर तूप चोळलं, वर घरी पाठवताना मला बजावलं, "त्यांना भांडी घासायला लावू नको दोन दिवस." मला लहानपणी सायकलवरून पडून गुडघा फुटला तेव्हा बाबांनी दवाखान्यात नेलं होतं. आई तेव्हा काय करत होती? काम करत असणार आत. ती नेहमी आतच असायची.

एका शनिवारी सुहासला कारखान्यावर काम निघालं. घरात मी एकटी. म्हटलं, त्याला येतं तर मला न यायला काय झालं? रोज ऐकून सगळं पाठ झालं होतं. बटाटे चिरले. चौकोनी व्हावेत म्हणून फार जपलं, तरी एक बोराएवढा आणि एक लिंबाएवढा असेच झाले. कढईत तेल घातलं, एक दाणा मोहरी टाकली आणि वाट बघत बसले. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजातून होता, सोमवारच्या तासांची अदलाबदल. दोन मिनिटांत संपवून आले तर तेलातून धूर निघत होता. घाईघाईनं मोहरी ओतली, ती एकदम उडाली, हळद घातली ती पडता पडता काळी झाली. बटाटे घातले तेव्हा घरभर ठसका भरला होता. मी खिडक्या उघडून पंखा लावून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुरामुळं.

सगळं कागदात गुंडाळून बाहेर कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. कढई तारेच्या घासणीनं घासली तरी तळ काळाच. ती मी कपाटात मागं ढकलली.

सुहास आल्यावर नाक वर करून म्हणाला, "काही जळलं का गं?"

"शेजारी."

तो हुशार होता. मला वाटतं, कढईही त्याला सापडली असणार.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बाबांचा वाढदिवस होता. त्यांचं वर्षश्राद्ध आधीच होऊन गेलं होतं. वाढदिवसाला आमच्याकडे काही विशेष नसायचं, पण आई त्या दिवशी अख्खा मसूर करायची. बाबांचा तो जीव की प्राण. मसूर आणि ज्वारीची भाकरी, सोबत कांदा फोडून. मी आणि बाबा समोरासमोर बसायचो आणि कोण जास्त तिखट खातो याची पैज लावायचो. आई वाढत असायची.

मी ठरवलं होतं की त्या संध्याकाळी आईकडे जायचं, तिच्याशेजारी बसायचं, बाबांबद्दल बोलायचं. कॉलेजातून येताना मोगऱ्याचा गजरा घेतला, बाबांच्या फोटोला घालायला. पोचले तर सुहासच्या चपला आधीच दारात. आत मसाल्याचा वास. आई पाटावर बसली होती आणि सुहास ओट्याशी उभा राहून मसुराला फोडणी देत होता.

"ये," आई म्हणाली. "आज तुझ्या बाबांचा मसूर सुहासराव करतायत. मी नुसती बसलेय बघ राणीसारखी."

मी गजरा टेबलावर ठेवला.

"कांदा गुलाबी झाला, आई," सुहास म्हणाला. "आता लसूण-खोबऱ्याचं वाटण?"

"घाला. तेल सुटेस्तोवर परता. ह्यांना वाटणाचा कच्चट वास चालायचा नाही. ताट सरकवायचे."

ह्यांना म्हणजे बाबांना. माझे बाबा काय सरकवायचे आणि काय खायचे, हे ती त्याला सांगत होती. माझ्या आत काहीतरी तुटलं. मी जे बोलले ते मलाच दुसऱ्या कुणाचं वाटावं अशा आवाजात.

"यानं का करायचा?"

सुहास वळला. आईनं वर बघितलं.

"बाबा माझे होते. त्यांचा मसूर यानं का करायचा? याला बाबा माहीत तरी होते का? लग्नानंतर जेमतेम वर्षभर भेटले, त्यातलं निम्मं दवाखान्यात. तू याला भात शिकवलास, वरण शिकवलंस, मी काही बोलले नाही. पण हे सुद्धा? मी कोण आहे मग या घरात?"

"वैजू," सुहास म्हणाला.

"तू मध्ये बोलू नको. मी तिला विचारतेय. सत्तावीस वर्षं मी हिची मुलगी आहे. मला कधी साधं पाणी उकळून दाखवलं नाही हिनं. आणि तुला हाताला धरून..."

वाटण करपायला लागलं होतं. आई उठली, तिनं सुहासच्या हातातून उलथनं घेतलं आणि गॅस बारीक केला.

"सुहासराव, कोपऱ्यावरून दही घेऊन या," ती म्हणाली.

"दही आहे की..." तो म्हणायला गेला आणि थांबला. कमरेचं फडकं सोडून, घडी करून ओट्यावर ठेवून तो बाहेर पडला.

आईनं वाटणात मसूर घातला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच उभी राहिली.

मी म्हटलं, "मला कळतं, तुम्ही दोघांनी मला शिकवायचं म्हणून लांब ठेवलंत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आता काय अडचण आहे?"

"तुला शिकवायचं म्हणून लांब ठेवलं, हे मी कधी म्हटलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"तुझे बाबा म्हणायचे. मी कधी म्हटलं का, आठव."

मी आठवलं. तिच्या तोंडचं मला फक्त एवढंच आठवत होतं, 'तुझं काय आहे इथं?'

आई वळली. चेहरा नेहमीसारखाच होता, पण बोटं पदराशी चाळा करत होती.

"संध्याकाळी तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसायचात. तू आणि ते. पाटीवर गणितं घालायचे, तू सोडवायचीस, मग कसलं तरी बोलून दोघं हसायचात. मी चहा घेऊन आले की गप्प. मी आत गेले की परत सुरू. एकदा मी विचारलं, काय एवढं हसताय, मलाही सांगा. तर तू म्हणालीस, 'तुला नाही कळायचं, आई.'"

"मी?"

"लहान होतीस. असशील चौथीत. मुलं बोलतात, त्याचं काही नाही. पण ते काय म्हणाले माहीत आहे? काही नाही म्हणाले. हसले. तुझ्या पाठीवर थाप मारली."

मसूर शिजत होता. झाकण हळूहळू थडथडत होतं.

"मी आत आले," आई म्हणाली. "त्या दिवशी पिठल्यात मीठ घालायची विसरले. त्यांनी विचारलं, आज काय झालं? म्हटलं, काही नाही. पुढं कधीतरी तू आलीस आत. म्हणालीस, आई, मला पोळी लाटू दे. लाटणं घेतलंस हातात. आणि मला एकदम वाटलं, हिला इथं येऊ द्यायचं नाही. हिला सगळं येतं. महिन्याभरात ही माझ्यापेक्षा चांगल्या पोळ्या करेल. मग ते तुझ्या हातची पोळी खातील आणि म्हणतील, वा. मग माझ्याकडे काय राहील? मी तुला म्हटलं, जा, अभ्यास कर. बाहेरून ते शाब्बास म्हणाले. त्यांना वाटलं, मी किती मोठ्या मनाची."

"आई..."

"मला बोलू दे आता. त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली. लोक माझं कौतुक करायला लागले. तूही करायचीस. मग मी काय बोलणार होते? तशीच मोठ्या मनाची राहिले." तिनं पदराचं टोक सोडलं. "मला तुझा हेवा वाटायचा, वैजू. आपल्या पोटच्या मुलीचा. कुणाला सांगणार असलं?"

मला कुठं बघावं कळेना. मी टेबलावरच्या गजऱ्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी रस्त्यानं चालताना, वर्गात फळ्यावर लिहिताना, रात्री कुशीवर वळताना जे मनात घोळवत होते, ते मला वाटत होतं माझं एकटीचंच. ते तिनं वर्षानुवर्षं आत ठेवलं होतं, आणि त्यावर आम्हाला रोज दोन वेळा गरम वाढलं होतं.

"मग सुहासला कसं शिकवलंस?" मी विचारलं. माझा आवाज लहान झाला होता.

"सुहासराव विचारायला आले," आई म्हणाली. "या घरात मला कुणी कधी म्हणालं नव्हतं, आम्हाला शिकवा म्हणून. आणि ते जावई. परके. त्यांना दिलं तर माझं काय जातंय?"

सुहास दही घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी ताटं मांडत होतो. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि दही फ्रिजमधल्या दह्याशेजारी ठेवलं. आईनं भाकऱ्या केल्या. आम्ही तिघं जेवलो. मसूर उत्तम झाला होता आणि ते मी त्याला सांगितलं. आईही म्हणाली, "ह्यांनी ताट सरकवलं नसतं."

नंतर मी आईकडे गेले नाही. राग होता असं म्हणता येणार नाही. रोज निघायचे ठरवून आणि रोज कॉलेजातून सरळ घरी यायचे. सुहास जायचा, यायचा, मला काही विचारायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचं ते पाठीवर थाप मारणं यायचं. ती थाप मला आठवत होती, हेच वाईट. तिचा ऊबदारपणा आठवत होता. आई चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती, एवढं मात्र पार पुसलं गेलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी उठले आणि गेले. सुहासला म्हटलं, आज तू येऊ नको. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बरं."

आई ओटा पुसत होती. माझ्यामागं बघत म्हणाली, "सुहासराव?"

"मी एकटीच आलेय. मला शिकव."

तिनं फडकं पिळलं, वाळत टाकलं. पुन्हा ओट्यापाशी आली.

"काय शिकायचंय?"

"तू शिकवशील ते."

ती बराच वेळ डब्यांच्या फळीकडे बघत होती. मग वाकून खालचा मोठा डबा काढला. ज्वारीचं पीठ होतं.

"भाकरी," ती म्हणाली. "ही मी सुहासरावांना अजून दाखवली नाही."

मी उभ्या उभ्याच बांगड्या मागं सारल्या. आई म्हणाली, खाली बस, उभ्यानं भाकरी येत नाही. कोपऱ्यातली कोळशाची शेगडी पेटवून तिच्यावर तवा ठेवला, परात पुढ्यात ठेवली, पिठात उकळीचं पाणी ओतलं. मी बोट लावलं आणि मागं घेतलं.

"पोळतंय!"

"पोळणारच. गार पाण्यानं भाकरी तुटते. तळव्यानं रगड. बोटांनी काय चिवडतेस? तळव्यानं! अगं, जोर लाव, पीठ आहे ते, लहान मूल नाही."

सुहासशी ती अशी बोलत नव्हती. त्याला ती "तुम्हाला काय वाटतं" म्हणायची. मला ती पाठीत गुद्दा मारून म्हणाली, "नीट बस, पोक काढून काय बसतेस?" मी गोळा केला, तो तिनं मोडला. परत केला, परत मोडला. तिसऱ्यांदा तो तसाच ठेवून परातीत कोरडं पीठ भुरभुरलं.

पहिली भाकरी थापली ती एका बाजूनं जाड, एका बाजूनं जाळी. "थापतेयस का गोवऱ्या लावतेयस?" आई म्हणाली. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरी उचलली गेली पण पाणी फिरवायला उशीर झाला, भेगा पडल्या. तिसरी करताना आईनं मागून हात घातला आणि माझ्या हातावर हात ठेवून भाकरी फिरवली. तिचा तळवा खरखरीत होता आणि गरम. हाताबरोबर भाकरी कशी फिरते, कडेला बोटं कशी हलकी होतात, ते माझ्या हातांना एकदम कळलं. गणित सुटताना डोक्यात होतं तसंच.

चौथी मी एकटीनं थापली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग तवा काढून विस्तवावर धरली. ती फुगली. पुरीसारखी टम्म, सगळीकडून सारखी.

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता आणि त्याच वेळी, अगदी क्षणभर, त्यावरून दुसरंही काहीतरी गेलं. आठवड्यापूर्वी मला ते दिसलंच नसतं. आता ते काय आहे हे मला चांगलं माहीत होतं. स्वतःच्या आत बघितलं होतं ना.

मी पुढचा गोळा घेतला. थापायला लागले, आणि अर्ध्यावर आल्यावर एका बाजूला अंगठा जरा जास्त दाबला. कड फाटली. "गेली," मी म्हटलं. "मघाची आपली चुकून फुगली वाटतं."

आई माझ्या हाताकडे बघत राहिली.

"मुद्दाम फाडलीस," ती म्हणाली.

"नाही गं."

"मला शिकवू नकोस. या हातांनी जन्मभर हेच केलंय. आपणहून फाटलेली कोणती आणि फाडलेली कोणती, मला कळत नाही?" तिचा आवाज चढला होता. "दया करतेस माझ्यावर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली, पण ती हो म्हणून का नाही म्हणून ते मलाही कळलं नाही.

आईनं ती फाटकी भाकरी उचलली, मोडून परत गोळा केला आणि माझ्यापुढं आदळला.

"परत थाप. येते तेवढी चांगली कर."

मी थापली. येते तेवढी चांगली केली. ती पातळ झाली, गोल झाली, विस्तवावर फुगली आणि वाफ सोडत खाली बसली. आईनं ती ताटात घेतली. कडेचा तुकडा मोडून, नुसताच, काही न लावता तोंडात टाकला. सावकाश चावला. मी गुडघ्यांना पिठाचे हात धरून बसले होते.

"जरा कडक आहे," ती म्हणाली.

ती अजिबात कडक नव्हती. तिला ठाऊक होतं आणि मलाही. मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. आईनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. मग तिनं दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला, आणि बघता बघता अख्खी भाकरी संपवली.

निघताना ती दारापर्यंत आली. मी चपला घालत होते.

"उद्या लवकर ये," ती म्हणाली. "आणि नखं कापून ये."